आतली खबर आणि शेअरबाजार: इनसायडर ट्रेडिंगमध्ये नेमका गुन्हा कोणता?

बातमी साधारण अशी असते. कंपनीचे तिमाही निकाल लागायच्या आठवडाभर आधी एका बड्या अधिकाऱ्याने शेअर विकले, निकाल वाईट आले, भाव कोसळला आणि काही महिन्यांनी बाजार नियामकाची नोटीस आली. सोबत त्याच्या मेहुण्यालाही. यावर दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. एक, ‘सगळेच करतात, हा बिचारा सापडला.’ दुसरी, ‘स्वतःचे शेअर स्वतः विकले, यात गुन्हा कसला?’

पहिलीकडे शेवटी येऊ. दुसरा प्रश्न रास्त आहे, आणि तो पडतो तो या गुन्ह्याच्या नावामुळे. इनसायडर म्हणजे आतला माणूस, ट्रेडिंग म्हणजे खरेदी-विक्री. तेव्हा आतल्या माणसाने खरेदी-विक्री केली की झाला गुन्हा, असं वाटतं. तसं अजिबात नाही. संचालक, प्रवर्तक, कर्मचारी आपल्याच कंपनीचे शेअर घेत-विकत असतात, नियमाप्रमाणे ते जाहीरही करतात. त्यात बेकायदा काही नाही. उलट ज्याने त्या कंपनीच्या इमारतीत कधी पाऊलही टाकलेलं नाही, असा माणूस या गुन्ह्यात अडकू शकतो.

व्याख्येपासून सुरुवात केली तर हे कोडं सुटत नाही. म्हणून जमिनीत पाडलेल्या एका भोकापासून सुरुवात करू.

सहाशे फुटांखालचं गुपित

नोव्हेंबर १९६३. टेक्सास गल्फ सल्फर ही अमेरिकी कंपनी कॅनडातल्या ऑंटारिओ प्रांतात, टिमिन्स गावाजवळ खनिजं शोधत होती. पहिलंच भोक ६५५ फूट खोल गेलं. ड्रिलमधून दगडाचा जो लांब दंडगोल वर येतो, तो भूगर्भतज्ज्ञाने नुसत्या नजरेने तपासला. जवळजवळ ६०० फुटांच्या लांबीत सरासरी १.१५ टक्के तांबं आणि ८.६४ टक्के जस्त असावं, असा त्याचा अंदाज होता. पहिल्या भोकात इतकं घबाड लागल्याचं या धंद्यातल्या मुरलेल्या लोकांनीही ऐकलं नव्हतं.

कंपनीने ताबडतोब तोंडावर बोट ठेवलं. भोक झाकलं. पाहणाऱ्याची दिशाभूल व्हावी म्हणून दुसरीकडे, जिथे काही मिळणार नाही अशा जागी, मुद्दाम एक रिकामं भोक पाडलं. कारण आजूबाजूची जमीन अजून घ्यायची होती. मार्च १९६४पर्यंत ती खरेदी उरकली.

या चार-पाच महिन्यांत ज्यांना भोकाची गोष्ट ठाऊक होती, त्यातले काही अधिकारी आणि कर्मचारी शांतपणे कंपनीचे शेअर घेत सुटले. सुरुवातीला भाव १७-१८ डॉलर होता. १२ एप्रिलला कंपनीने पत्रक काढलं की बाजारातल्या अफवा अतिरंजित आहेत. १६ एप्रिलला मात्र किमान अडीच कोटी टन खनिज सापडल्याचं जाहीर केलं. त्या दिवशी भाव ३६च्या घरात होता, मेच्या मध्यापर्यंत ५८वर गेला.

आता गंमत पाहा. गुपित एकच, पण वापर दोन झाले. कंपनीने ते लपवून शेजारच्यांची जमीन घेतली. अधिकाऱ्यांनी ते लपवून भागधारकांचे शेअर घेतले. पहिला व्यवहार तुम्हाला धूर्तपणाचा वाटेल, पण खाण शोधायला पैसा आणि मेहनत कंपनीने घातली होती. तिथून मिळालेली माहिती तिच्या मालकीची, ती तिने स्वतःच्या भल्यासाठी वापरली. जमीनमालकाशी तिचं विश्वासाचं काही नातं नव्हतं. अधिकाऱ्यांचं तसं नाही. कंपनी भागधारकांची, अधिकारी त्यांचे नोकर. मालकाच्या पैशाने शोधलेलं घबाड मालकापासूनच लपवायचं आणि त्याचा हिस्सा जुन्या भावात विकत घ्यायचा, याला आपल्याकडे कुंपणानेच शेत खाणं म्हणतात.

तेव्हा दुसऱ्यापेक्षा जास्त माहीत असणं हा गुन्हा नाही. विश्वासाने हाती आलेली, दुसऱ्याच्या मालकीची माहिती स्वतःच्या खिशासाठी वापरणं, हा आहे.

‘आतली खबर’ कशाला म्हणायचं?

कायद्याच्या भाषेत तिला अप्रकाशित किंमत-संवेदनशील माहिती म्हणतात. हा शब्द एवढा एकदाच. पुढे आपण नुसतं ‘आतली खबर’ म्हणू. तिला दोन अटी आहेत. ती अजून सर्वांसमोर आलेली नसावी, आणि आली तर भाव हलेल इतकी वजनदार असावी. विलीनीकरण, आर्थिक निकाल, मोठं कंत्राट मिळणं किंवा हातचं जाणं, औषधाच्या चाचणीचा निकाल ही ठरलेली उदाहरणं. कार्यालयातल्या बसायच्या खुर्च्या बदलल्या, ही खबर आतली असेल, पण तिने भाव हलत नाही.

‘सर्वांसमोर’ याचा अर्थ वाटतो तितका सरळ नाही. टेक्सास गल्फने १६ एप्रिलची ती घोषणा पत्रकार परिषदेत केली. तिथे निवेदन वाचून झालं सकाळी १०.१०च्या सुमारास. एक संचालक उठला आणि १०.२०च्या आसपास त्याने आपल्या दलाल जावयाला फोन करून २,००० शेअर घ्यायला सांगितलं. त्याचं म्हणणं, बातमी तर जाहीर झाली होती! पण शेअर दलालांच्या टेबलावरच्या वृत्तपट्टीवर ती उमटली १०.५४ला. १९६८मध्ये अपील न्यायालयाने त्याला दोषी धरलं. खोलीतल्या मोजक्या बातमीदारांना सांगणं म्हणजे बाजाराला सांगणं नव्हे. बातमी लोकांपर्यंत पोचून ती पचवायला त्यांना वेळ मिळाला पाहिजे.

हाच विचार आजच्या नियमांत घड्याळाच्या भाषेत आला आहे. भारतात तिमाही संपली की कंपनीतल्या संबंधित लोकांसाठी व्यवहाराची खिडकी बंद होते. निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटले की ती उघडते.

आत नसलेला माणूस ‘आतला’ कसा?

न्यूयॉर्कमधल्या एका छापखान्यात कंपन्यांच्या ताब्याची कागदपत्रं छापायला येत. एक कंपनी दुसरीला गिळायला निघते तेव्हा सावजाच्या शेअरला चढा भाव देऊ करते, त्यामुळे सावजाचं नाव आधी कळणं म्हणजे लॉटरीच. म्हणून नावांच्या जागा कोऱ्या सोडलेल्या असत किंवा तिथे खोटी नावं घातलेली असत. खरी नावं येत अगदी छपाईच्या शेवटच्या रात्री. व्हिन्सेंट किआरेला हा तिथला कामगार. त्याने उरलेल्या मजकुरातून, आकड्यांवरून सावजं ओळखली, बाहेर जाऊन त्यांचे शेअर घेतले, आणि १४ महिन्यांत ३०,००० डॉलरच्या वर नफा कमावला.

तो पकडला गेला, खटला झाला, शिक्षा झाली. आणि १९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली! न्यायालय म्हणालं, ज्यांनी याला शेअर विकले त्यांच्याशी याचं कसलंच विश्वासाचं नातं नव्हतं. तो त्यांच्या कंपनीचा नोकर नाही, संचालक नाही. मग विश्वासघात कुणाचा?

मला विचाराल तर उत्तर त्याच छापखान्याच्या भिंतीवर होतं. ग्राहकांची माहिती वापरू नका, अशी सूचना तिथे लावलेली होती. विश्वासघात झाला तो मालकाचा आणि ग्राहकाचा. सरन्यायाधीशांनी आपल्या वेगळ्या मतात हेच म्हटलं होतं, पण ज्युरीपुढे मुद्दा त्या रूपात मांडलाच गेला नव्हता. ही फट बुजायला १९९७ उजाडलं. एका वकिलाने आपल्याच फर्मच्या अशिलाच्या गुप्त योजनेवर ४३ लाख डॉलरहून जास्त नफा कमावला होता. न्यायालयाने मान्य केलं की ज्याच्याकडून माहिती उचलली त्याचा विश्वासघात झाला, तरी गुन्हा पुरा होतो. समोरचा विक्रेता ओळखीचा असो वा नसो.

नुसतं कानावर पडलं तर?

जून १९८१. ओक्लाहोमा विद्यापीठाचा नावाजलेला फुटबॉल प्रशिक्षक मैदानी शर्यती बघायला गेला होता. ऊन खात तो बाकांवर आडवा झाला. पुढच्या बाजूला एक कंपनी-प्रमुख आपल्या बायकोशी बोलत होता: कामासाठी बाहेरगावी जावं लागणार, अमुक कंपनी बहुधा विकली किंवा गुंडाळली जाणार. प्रशिक्षकाने मित्रांना सांगितलं, सगळ्यांनी शेअर घेतले, सगळ्यांना नफा झाला. नियामकाने दावा लावला. १९८४मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. बोलणाऱ्याने खबर मुद्दाम दिली नव्हती, त्यातून त्याला काही मिळवायचं नव्हतं. विश्वासघातच झाला नाही, तर ऐकणारा गुन्हेगार कसा?

इथे देशादेशांत वाट फुटते. अमेरिकेचा प्रश्न असतो: खबर मिळवताना किंवा वापरताना कुणाचा विश्वास मोडला? युरोपीय महासंघाचा २०१६पासून लागू असलेला नियम विचारतो: खबर तुमच्याजवळ होती का, आणि ती आतली आहे हे तुम्हाला कळत होतं किंवा कळायला हवं होतं का? भारताचे नियम १९९२मध्ये आले आणि २०१५मध्ये नव्याने लिहिले गेले. ते तर आतली खबर जवळ असलेल्या प्रत्येकाला इनसायडरच म्हणतात. खबर जवळ असताना व्यवहार केला की तो तिच्यामुळेच केला, असं धरून चालतात. तो प्रशिक्षक अमेरिकेतल्या बाकावर आडवा झाला, हे त्याचं नशीब.

व्यक्तिशः मला युरोप-भारताची रीत जास्त पटते, निदान सांगायला सोपी म्हणून. मात्र तिच्यात निरपराध माणूस अडकायचा धोका थोडा जास्त, हेही खरं.

मी तर फक्त फोन केला

२३ सप्टेंबर २००८. जागतिक आर्थिक संकट ऐन भरात होतं. वॉरन बफे यांची कंपनी बर्कशायर हॅथवे गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेत ५ अब्ज डॉलर घालणार, हे गोल्डमनच्या संचालक मंडळाला दूरध्वनी बैठकीत सांगण्यात आलं. संचालकांपैकी एक होते रजत गुप्ता. बैठक संपल्यावर मिनिटभराच्या आत त्यांनी गॅलियन या हेज फंडाचे (बड्या गुंतवणूकदारांचा पैसा बाजारात खेळवणाऱ्या फंडाचे) प्रमुख राज राजरत्नम यांना फोन लावला. बाजार बंद व्हायला काही मिनिटं उरली असताना गॅलियनने गोल्डमनचे शेअर उचलले.

गुप्तांनी त्या दिवशी स्वतःच्या नावावर काहीही घेतलं नाही. तरीही २०१२मध्ये ते दोषी ठरले, दोन वर्षं कैद आणि ५० लाख डॉलर दंड झाला. राजरत्नम यांना त्याआधीच, २०११मध्ये, ११ वर्षांची शिक्षा झाली होती. टिप देणाराही तितकाच अडकतो. फायदा रोख मिळायला हवा असंही नाही. २०१६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नातेवाइकाला आतली खबर भेट म्हणून देणं पुरेसं आहे. पैसे देण्याऐवजी खबर दिली, एवढाच फरक.

खबर बाहेर देणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरतो असंही नाही. १९७३मध्ये एका विमा कंपनीच्या माजी कर्मचाऱ्याने, कंपनी बनावट पॉलिसी दाखवते आहे, असं एका विश्लेषकाला सांगितलं, आणि विश्लेषकाने ते पुढे सांगितलं. त्याचा हेतू भांडं फोडण्याचा होता. १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विश्लेषकाला निर्दोष ठरवलं. या विश्लेषकावर नियामकाने दहा वर्षं कारवाई चालवली, याचं मला अजून नवल वाटतं.

मग अभ्यास करणाऱ्यांनी काय करायचं?

बिनधास्त करावा. उपग्रहाची छायाचित्रं घेऊन मॉलच्या वाहनतळावर किती गाड्या लागतात ते मोजणारे लोक आहेत, आणि त्यावरून विक्रीचा अंदाज बांधणं पूर्ण कायदेशीर आहे. वार्षिक अहवालाच्या तळटिपा वाचून गडबड ओळखली, तर ती तुमची कमाई. रात्रभर जागून अभ्यास केलेल्याला जास्त गुण मिळाले म्हणून कुणी तक्रार करत नाही; फुटलेला पेपर हातात घेऊन बसलेल्याबद्दल करतात.

एक आडवळण मात्र बंद होत आलं आहे. २०१६मध्ये मेडिव्हेशन या औषध कंपनीतल्या एका अधिकाऱ्याला कळलं की फायझर आपली कंपनी घेणार. त्याने स्वतःच्या कंपनीला हात लावला नाही; काही मिनिटांत त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीचे ऑप्शन (ठरलेल्या भावात शेअर घेण्याचा हक्क) घेतले, कारण एक विकली गेली की तिच्यासारख्या दुसऱ्यांचेही भाव चढतात. लाखभर डॉलरचा नफा झाला. २०२४मध्ये ज्युरीने त्यालाही जबाबदार धरलं.

पण यात नुकसान कुणाचं?

हा खरा कठीण आक्षेप. ज्याने शेअर विकला तो तसाही विकणारच होता, त्याच्यावर कुणी बळजबरी केली नाही. समोर आतला माणूस होता की आणखी कुणी, त्याला काय फरक पडला?

त्यासाठी बाजारात सतत उभ्या असणाऱ्याकडे बघायला हवं. शेअर केव्हाही विकता येतो, कारण कुणीतरी दोन्ही बाजूंचा भाव लावून बसलेला असतो: ९९.९५ला घेईन, १००.०५ला देईन. मधले दहा पैसे ही त्याची मजुरी. समोरून येणारे बहुतेक लोक त्याच्याइतकेच अज्ञानी असतील तर एवढ्यावर त्याचं भागतं. पण दर दहा-पंधरा गिऱ्हाइकांमागे एकाला उद्याची बातमी माहीत असेल, तर त्या एकाकडून तो दर वेळी मार खाणार. कोण ते ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांसाठी भाव ताणतो: ९९.८०ला घेईन, १००.२०ला देईन. अंतर दहा पैशांचं चाळीस झालं. आता प्रामाणिक माणसालाही प्रत्येक व्यवहारात जास्त मोजावं लागतं, आणि का ते त्याला कधी कळत नाही. नुकसान इतक्या जणांत वाटलं जातं की ओरडणारा कुणी उरत नाही.

उलट बाजूने असंही म्हटलं गेलं आहे, विशेषतः १९६०च्या दशकापासून अमेरिकेतल्या काही अर्थ-कायदा अभ्यासकांकडून, की आतल्यांना व्यवहार करू द्या. त्यांच्या खरेदीने भाव लवकर खऱ्या किमतीकडे सरकेल, आणि नवनिर्मितीचं बक्षीसही मिळेल. युक्तिवाद चतुर आहे. पण बक्षीस वाईट बातमीवरही तितकंच मिळतं. कंपनी बुडणार हे आधी कळलेल्या व्यवस्थापकाला शेअर विकून हात धुऊन घेता आले, तर ती वाचवायची घाई त्याला कशाला असेल? शिवाय स्वतःची खरेदी उरकेपर्यंत बातमी दाबून ठेवण्यात त्याचा फायदा. टेक्सास गल्फचं १२ एप्रिलचं ते ‘अफवा अतिरंजित’ पत्रक आठवा.

पकडतात कसं?

मोठ्या बातमीनंतर मागे जाऊन पाहिलं जातं: आधीच्या दिवसांत कुणी घेतलं, कुणी विकलं. ज्याने कधी ऑप्शनला हात लावला नाही त्याने अचानक सगळी पुंजी एकाच कंपनीवर लावली, तेही बातमीच्या दोन दिवस आधी, की शंकेची पाल चुकचुकते. मग फोनच्या नोंदी, एकाच गावचे, एकाच वर्गातले, सासर-माहेरचे धागे जुळवले जातात. भारतात तर आतली खबर कुणाला, केव्हा सांगितली याची संगणकीय नोंदवही ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. राजरत्नम यांच्या प्रकरणात तपासयंत्रणेने थेट फोन टॅप केले होते.

हे सगळं असूनही सिद्ध करणं जिकिरीचं, कारण माणसाच्या डोक्यात काय होतं याचा पुरावा नसतो. म्हणून पुष्कळदा खोटं बोलणंच महागात पडतं. मार्था स्ट्युअर्ट या अमेरिकेतल्या प्रसिद्ध उद्योजिकेला २००४मध्ये शिक्षा झाली ती शेअर विकल्याबद्दल नव्हती, तपासात खोटं बोलल्याबद्दल आणि अडथळा आणल्याबद्दल होती.

साध्या गुंतवणूकदाराला एवढं पुरे: ‘आतून पक्की खबर आहे’ असा निरोप आला तर ती बहुधा खोटी असते आणि तुम्हाला महागात शेअर खपवायला पेरलेली असते. क्वचित खरी निघाली, तर वर सांगितलेली कलमं तुम्हालाही लागू होतात.

‘सगळेच करतात’

आता सुरुवातीची पहिली प्रतिक्रिया. अमेरिका सोडली तर बरेच देश या बाबतीत उशिरा जागे झाले. जपानने १९८८मध्ये कायदा केला, जर्मनीने थेट १९९४मध्ये. तोवर तिथे हे अनेकांच्या लेखी हुद्द्याचाच एक फायदा होता. २००२मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी शेअरबाजार असलेल्या १०३ देशांचा हिशेब मांडला. १९९०चं दशक संपत आलं तेव्हा त्यातल्या ८७ देशांत इनसायडर ट्रेडिंगविरोधी कायदा होता, पण एखादा तरी खटला भरल्याची नोंद फक्त ३८ देशांत होती. मग त्यांनी पाहिलं की कंपन्यांना भांडवल उभारायला पडणारा खर्च कधी उतरतो. कायदा झाला त्या वर्षी काहीच फरक दिसला नाही. तो दिसला, पहिला खटला उभा राहिल्यानंतर.